प्रेक्षक बायका आधीपासून होत्याच

'बायका 'स्टार ट्रेक'सारख्या अंतराळातल्या विज्ञानकथा मालिकांकडे उशिरा वळल्या, म्हणून जुन्या भागांत त्यांचा विचार नसणारच' असं मत मांडलं जातं, ते मला मुळीच पटत नाही. मूळची अमेरिकी मालिका 'स्टार ट्रेक' दुसऱ्या सीझननंतर बंद पडणार अशी चिन्हं होती, तेव्हा बीजो ट्रिम्बल या चाहतीने नवऱ्यासोबत पत्रमोहीम उभारली. वाहिनीकडे पत्रांचा ढीग लागला आणि १९६८ मध्ये तिसरा सीझन जाहीर झाला. त्याआधीच, १९६७ मध्ये, दोन बायकांनी या मालिकेवरचं चाहत्यांचं नियतकालिक काढलं होतं!

आणि त्याच तिसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात काय दाखवलं? अंतराळयानांच्या कॅप्टनच्या जगात बायकांना प्रवेश नाही, असं एका शास्त्रज्ञ बाईच्याच तोंडी घातलं, वर तिला माथेफिरू ठरवलं. मला याचा आजही संताप येतो. 'स्टार ट्रेक' मालिकांच्या परिवारात कॅप्टन जेनवे ही बाई कॅप्टन म्हणून मुख्य भूमिकेत आली ती थेट १९९५ मध्ये.