लेक कार्टूनच्या हिंदीत बोलून राहिली, आधी काय बंद करू?

मानेवाड्याची आई:
माझी लेक चार वर्षांची. घरी मराठी, शाळा इंग्रजी. परवा आजीनं घास पुढे केला तर म्हणते, "मुझे ये बिल्कुल पसंद नहीं!" हातवारेही त्या कार्टूनमधल्या पोरीसारखे. आजीचा हात तसाच राहिला. जेवताना मोबाइल मीच लावून देते, कारण साडेनऊला बस येते अन् वरण-भात तोंडातच घोळत राहतो. त्यात शाळेचा गृहपाठही मोबाइलवरच येतो.

धंतोलीचे आजोबा:
बेटा, आधी जेवतानाचा मोबाइल. चार दिवस कमी जेवेल, जेवू दे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलं, दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून स्क्रीन पाहायची ती दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

बालवाडीची ताई:
गृहपाठ तुम्ही पाहून वहीत उतरवून द्या. हिंदीची धास्ती नको, नागपुरात पोरं ती शिकतातच. पण कार्टून तिचं ऐकून घेत नाही, उत्तर देत नाही. माझ्या वर्गात बडबडी पोरं तीच, ज्यांच्याशी घरी कोणी गप्पा मारतं.

मानेवाड्याची आई:
काल मोबाइल कपाटात ठेवला. खूप रडली. आजीनं वरणावर तूप सोडत महाराजबागेतल्या मोराची गोष्ट काढली. पाच मिनिटांनी हुंदके देतच विचारते, "आजी, मोर पोळी खातो का?" अर्धी पोळी गेली पोटात. बस चुकली, मीच सोडून आले.