कॅशलेस बंद केलेल्या रुग्णालयातच शस्त्रक्रिया करावी का?

प्रश्न (पुणे):
सासूबाईंच्या गुडघ्याचे सांधेरोपण पुढच्या महिन्यात ठरले आहे. ज्या डॉक्टरांवर त्यांचा विश्वास आहे, त्यांच्या रुग्णालयाने आमच्या विमा कंपनीशी असलेला करार संपवला असून कॅशलेस (म्हणजे कंपनीने बिल थेट रुग्णालयाला देणे) बंद केले आहे; सर्व रक्कम आधी आम्हीच भरावी, असे सांगितले आहे. रुग्णालय बदलावे का?

उत्तर (ठाणे):
लगेच बदलू नका. जानेवारी २०२४ पासून करार नसलेल्या रुग्णालयांतही कॅशलेसची सोय खुली झाली आहे. मात्र नियोजित शस्त्रक्रियेसाठी कंपनीला किमान ४८ तास आधी कळवावे लागते आणि रुग्णालयाचीही तयारी लागते.

उत्तर (डॉक्टर, कोल्हापूर):
विमा कंपन्यांशी ठरलेले पॅकेजचे (एका उपचाराच्या एकरकमी खर्चाचे) दर वर्षानुवर्षे तेच राहतात, बिले अडकतात आणि परिचारिकांचे पगार मात्र थांबवता येत नाहीत, म्हणून मीही करार सोडला. तरीही, ज्यांना उपचारासाठी दागिने गहाण टाकावे लागतात त्यांचे काय, हा प्रश्न मला छळतो.

उत्तर (नाशिक):
आधी पैसे भरून नंतर दावा करणार असाल, तर खर्चाचा लेखी अंदाज घ्या आणि पॉलिसीतील खोलीभाड्याची मर्यादा पाहा. मर्यादा ५,००० रुपयांची असताना १०,००० रुपयांची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत केवळ भाडेच नव्हे, तर शल्यविशारदांची फीदेखील त्याच प्रमाणात कापली जाते. मूळ बिले, डिस्चार्ज कार्ड आणि कृत्रिम सांध्याच्या वेष्टनावरील स्टिकर जपून ठेवा. कंपनीकडे तक्रार करूनही दाद मिळाली नाही, तर पुण्यातच विमा लोकपालांचे कार्यालय आहे आणि तिथे शुल्क लागत नाही.