मदत हवी आहे: लेगो ठोकळ्यांच्या क्रेनची भोकं जुळेनात (बांधणाऱ्याचं वय ४६)

नमस्कार मंडळी,

आधीच सांगतो, मुलासाठी विचारत नाहीये. चिरंजीव हॉस्टेलला जाताना माळ्यावरचा ठोकळ्यांचा डबा "देऊन टाका कुणाला तरी" म्हणून गेले. द्यायला म्हणून खाली काढला, त्याला दोन महिने झाले. डबा जेवणाच्या टेबलावर आहे आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

पुस्तिका आहेत, पण त्यातल्या मॉडेलांचे निम्मे भाग गायब. म्हणून मनानेच हाताने फिरवायची क्रेन करायला घेतली. दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

१. भोकांचे ठोकळे एकावर एक रचून मनोरा केला. डुगडुगतो, म्हणून बाजूने भोकांची पट्टी उभी लावायला गेलो. खालची पिन बसते, वरची किंचित हुकते. दामटून बसवली तर पट्टी वाकते.

२. हँडलला ८ दात्यांचा गिअर, दोरीच्या रिळाला २४ दात्यांचा. पेपरवेट झकास उचलतं, पण हँडल सोडलं की धाडकन खाली. रबरबँड लावून पाहिला. हसू नका.

आणि हो, या वयात हे करणारं अजून कुणी आहे का इथे?

प्रतिसाद १
पट्टी वाकवू नका हो! पट्टीतली भोकं ८ मिमी अंतरावर असतात आणि ठोकळ्याची उंची ९.६ मिमी. जुळणार कशी? चपटी प्लेट ठोकळ्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२ मिमी असते. दोन भोकवाल्या ठोकळ्यांच्या मध्ये दोन प्लेटा घाला. ९.६ + ६.४ = १६. पट्टीवर एक भोक सोडून पुढच्यात पिन अलगद जाईल. जोर लावावा लागला तर हिशोब चुकलाय असं समजायचं.

प्रतिसाद २
दुसऱ्यासाठी वर्म गिअर शोधा, जाड स्क्रूसारखा दिसतो. तो हँडलच्या दांड्यावर, २४ चा रिळावर. दोन्ही दांडे एकमेकांना काटकोनात येतील, त्यामुळे हँडलची बाजू उसवावी लागेल. २४ फेऱ्यांना रीळ एकदा फिरतं, हात भरून येतो. पण वजन त्याला उलटं फिरवू शकत नाही, सोडाल तिथे थांबतं. वर्म दांड्यावर सरकतो, दोन्हीकडून अडवा.

प्रतिसाद ३
आहोत की! मोठेपणी खेळणाऱ्यांना 'एफॉल' म्हणतात आणि मधल्या न खेळलेल्या वर्षांना 'डार्क एजेस'. माझी एकवीस वर्षं गेली त्यात. डबा अपुरा वाटला तर एवढंच आठवा: आठ टेंगळांचे एकाच रंगाचे फक्त सहा लेगो ठोकळे ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात.
तुम्ही रंगावारी लावलेत ना? सगळे आधी तेच करतात. आकारावारी लावा. लाल ढिगातली लाल पिन दिसत नाही, पिनांच्या ढिगातली लाल पिन लगेच दिसते.

धागाकर्ता
प्लेटा घातल्या. पिन 'टक्' करून बसली! बायकोला बोलावून दाखवली, ती "बरं" म्हणाली.
वर्म सापडायला दोन रात्री गेल्या (होय, रंगावारी लावले होते). दरम्यान ८ चा आणि १६ चा गिअर शेजारी का बसत नाहीत याच्याशी झटापट केली आणि स्वतःच शोधलं: दात्यांची बेरीज निम्मी केली की दोन दांड्यांमधलं अंतर मिमीत मिळतं. ८ आणि २४ चे १६ मिमी, बरोबर दोन भोकं. ८ आणि १६ चे १२, म्हणजे दीड भोक. गिअर रेशोची गणितं शाळेत पाठ करून पास झालो होतो, दांड्यांमधल्या अंतराचा विचार कधीच केला नव्हता.
पेपरवेट आता हवेत लटकून आहे, काल रात्रीपासून. नवीन अडचण: दोरी रिळाच्या एकाच कडेला गोळा होते आणि मग घसरते. यावर काय करतात?