मदत हवी आहे: सोसायटीच्या पार्किंगमध्ये ईव्ही चार्जिंग

नमस्कार मंडळी. मुलुंडला राहतो, वीज महावितरणची, पार्किंग स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखाली खांबांमधल्या मोकळ्या जागेत. गाडीची बॅटरी ३० युनिटची. १५ अँपिअरच्या सॉकेटवर साधारण ३ किलोवॉट मिळतात, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला दहा-अकरा तास. ठाण्याला रोज जाऊन-येऊन एवढं पुरेल असं मला वाटतं. घरचे मात्र ७.२ किलोवॉटचा वॉलबॉक्सच (भिंतीवर बसवायचा चार्जर) घ्या म्हणतात. त्याला ३२ अँपिअर लागतात, आमचा मंजूर भार तेवढा नाही.

खरी काळजी पावसाळ्याची. खाली पाणी साचतं आणि सोसायटीतली मुलं तिथेच खेळतात, त्यामुळे अर्थिंग आणि आरसीसीबीत (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) तडजोड नाही. सॉकेट किती उंचावर बसवलात? मीटर रूम लांब आहे, केबल किती जाडीची? घरच्याच मीटरवरून लाइन ओढावी की गाडीसाठी वेगळा मीटर घ्यावा? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.