गाव लहान असलं की भीती जास्त का वाटते

भयपट छोट्या गावात का घडवतात, यावर 'छोटं गाव घेतलं की खर्च वाचतो, बाकी काही नाही' असं एकाने म्हटलं होतं; ते मला अर्धंच पटलं. 'हॅलोविन' (१९७८) हा अमेरिकन भयपट कमी पैशांत झाला हे खरंच. त्यातलं इलिनॉयमधलं हॅडनफिल्ड हे गाव काल्पनिक. चित्रीकरण कॅलिफोर्नियात साउथ पासाडेना वगैरे भागात, तेही वसंतात; गोष्ट मात्र घडते ऑक्टोबरच्या शेवटी. त्यामुळे पानगळीची पानं रंगवून रस्त्यावर पसरायची आणि शॉट झाला की गोळा करून पुन्हा वापरायची. एवढा खटाटोप कशासाठी? तो रस्ता ओळखीचा, रोजच्या पायाखालचा वाटावा म्हणून!

मला सगळ्यात जास्त हादरवतो तो शेजाऱ्यांचा प्रसंग. खुनी मागे लागलेला असताना नायिका लॉरी जिवाच्या आकांताने शेजाऱ्यांचं दार ठोठावते. बाहेरचा दिवा लागतो, खिडकीतून कुणीतरी बघतं आणि दिवा पुन्हा बंद. हॅलोविनच्या रात्री पोरं खोड्या काढतात, त्यातलंच काहीतरी, असं वाटलं असणार त्यांना. मोठ्या शहरात हे घडलं असतं तर नवल वाटलं नसतं. इथे मात्र सगळे सगळ्यांना ओळखतात, हा आधारच निखळतो.

'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' (१९८१) या भयपटाचं नावही इथे काढायलाच हवं. खाणगाव, आणि चित्रीकरण कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातल्या सिडनी माइन्स या गावात, खऱ्या खाणीत. गोष्टीत खाणीतले वरिष्ठ मिथेन या स्फोटक वायूची पातळी न तपासताच व्हॅलेंटाइन डेच्या नाचाच्या कार्यक्रमाला जातात, स्फोट होतो, कामगार गाडले जातात. त्यानंतर वीस वर्षं गावात तो नाच बंद! अख्ख्या गावाने मिळून दाबून ठेवलेली आठवण शहरात इतकी टिकली नसती. खाणीतला शेवटचा भाग तरी बघाच.