मदत हवी आहे: रेडिऑलॉजी ऑब्झर्व्हरशिपमधून शिफारसपत्र कसं मिळवायचं?

नमस्कार. माझं एमबीबीएस आणि इंटर्नशिप पूर्ण आहे, यूएसएमएलई या अमेरिकी वैद्यकीय परवाना परीक्षेच्या स्टेप १ आणि स्टेप २ सीके पास आहे, बी-१/बी-२ (व्हिजिटर) व्हिसा हातात आहे. येत्या सप्टेंबरात अमेरिकेत डायग्नोस्टिक रेडिऑलॉजीच्या रेसिडेन्सीसाठी (पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी) ईआरएएस या ऑनलाइन अर्जप्रणालीतून अर्ज करायचाय. व्हीएसएलओ या विद्यार्थ्यांच्या पोर्टलवरची इलेक्टिव्ह्ज (हॉस्पिटलमधली ऐच्छिक रोटेशन्स) शिकत असतानाच करायची असतात, त्यामुळे तो मार्ग बंद.

दोन आठवड्यांची एक ऑब्झर्व्हरशिप (फक्त बघून शिकायचं, काम करायचं नाही) करून आलेय. स्कॅन वाचायच्या अंधाऱ्या रीडिंग रूममध्ये अटेंडिंगच्या (वरिष्ठ डॉक्टरांच्या) मागे खुर्ची टाकून बसायचं. पॅक्सचं (स्कॅन बघायच्या सिस्टिमचं) लॉगिन नाही, माऊसला हात लावायचा नाही. शिकायला भरपूर मिळालं, पण रोज अटेंडिंग वेगळे. शेवटी पत्र मागितलं तर "तुझं काम मी पाहिलेलंच नाही" असं उत्तर आलं, आणि ते खरंच होतं. मेडिसिनमध्ये निदान राउंडवर केस मांडता येते. इथे आपल्याला काय दिसतंय हे दाखवायचं तरी कसं?

आता माझ्याकडे आठ आठवडे आहेत. पैसे घेऊन रोटेशन लावून देणाऱ्या एजन्सी परवडणाऱ्या नाहीत. रेडिऑलॉजीच्या चार वर्षांआधी एक वर्ष तिकडची क्लिनिकल इंटर्नशिप लागते, तिचे अर्जही बहुतेक ठिकाणी वेगळे करावे लागतात. म्हणून मेडिसिनचंही एक पत्र हवंच आहे.

ज्यांनी पदवीनंतर हे केलंय त्यांना विचारते: चार आठवडे एकाच अटेंडिंगसोबत बसू द्या, अशी विनंती विभागाला आधीच ईमेलने केलेली चालते का? आणि लॉगिन नसताना तुम्ही त्यांना स्कॅनचं स्वतःचं वाचन नेमकं कसं दाखवलंत?