बड फॉस्टरचा डिफेन्स: एवढा भारी होता, तर शेवटी गळती का लागली?

तिसरा_डाऊन

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरांची (डिफेन्सची आखणी करणारे सहायक कोच) यादी निघाली की व्हर्जिनिया टेकच्या बड फॉस्टरचं नाव वरच्या ओळीत असतंच. कारकीर्द ढोबळमानाने माहीत आहे. मरे स्टेटला खेळाडू, १९८१ पासून तिथेच मुख्य कोच फ्रँक बीमरच्या हाताखाली, १९८७ ला बीमरबरोबर ब्लॅक्सबर्गला, म्हणजे व्हर्जिनिया टेकला, १९९५ पासून कोऑर्डिनेटर, २०१९ चा हंगाम संपल्यावर निवृत्त. कोडं पुढे आहे. २००६ ला देशात पहिल्या नंबरचा डिफेन्स आणि २०१८ ला ओल्ड डोमिनियनसारख्या टीमकडून ४९ गुण खाल्ले. कोच तोच, शाळा तीच. मधे काय बदललं?

दुसरं, २०१४ ला ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानावर ३५-२१ हरवलं आणि पुढच्याच आठवड्यात घरी ईस्ट कॅरोलिनाकडून २८-२१ मार खाल्ला. हे कसं?

आणि जाता जाता, हा माणूस कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये का नाही?

‘पोरं जीव तोडून खेळायची’ छाप उत्तरं नकोत. जीव सगळेच तोडतात. मैदानावर कोण कुठे उभा राहायचा ते सांगा.

---

आकडेबहाद्दर

आधी आकडे नीट वाचू, मग दोष काढू.

२००६ चा टेक (व्हर्जिनिया टेक) प्रति सामना २१९.५ यार्ड आणि ११ गुण देऊन दोन्ही तक्त्यांत पहिला होता. त्याच वर्षी फॉस्टरला ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला, म्हणजे देशातला सर्वोत्तम सहायक कोच. २००५ लाही टोटल डिफेन्समध्ये (दिलेले एकूण यार्ड) पहिला नंबर टेकचाच. त्याआधी १९९९ ला प्रति सामना १०.५ गुण देऊन ते नियमित हंगामात ११-० होते. कोरी मूर तेव्हाचा एंड (पुढच्या फळीतला कडेचा माणूस), त्याने त्या वर्षी लोम्बार्डी आणि नागुर्स्की हे दोन्ही पुरस्कार नेले.

पण ‘प्रति सामना यार्ड’ हा आकडा फसवा आहे. प्रत्येक खेळीला ५ यार्ड देणारा डिफेन्स ६० खेळ्यांत ३०० यार्ड देतो आणि ८५ खेळ्यांत ४२५. दर्जात काडीचा फरक नाही, तक्त्यात मात्र एक वर आणि दुसरा तळाला. २००६ ला बहुतेक टीमा हडल करून (खेळीआधी घोळका करून), घड्याळ खात खेळायच्या. दहा वर्षांनी निम्मा देश हडलशिवाय पळत होता. त्यामुळे दोन काळांची तुलना करायची तर प्रति खेळी यार्ड किंवा प्रति ड्राइव्ह (चेंडू ताब्यात असतानाची एक चढाई) गुण घ्या.

आणखी एक खोच. कॉलेजमध्ये सॅकचे (क्वार्टरबॅकला पास सोडण्याआधी मागेच पाडल्याचे) यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा होतात, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये पासिंगच्या. फॉस्टरसारखा सतत क्वार्टरबॅकच्या मागे लागणारा कोच असला की त्याचा ‘रन डिफेन्स’ (धाव अडवणं) कागदावर, प्रत्यक्षात आहे त्याहून भक्कम दिसतो. सॅक बाजूला काढून बघा, मग खरं चित्र कळेल.

गुणांचंही तसंच. २००६ च्या चिक-फिल-ए बोलमध्ये (बोल म्हणजे हंगामानंतरचा खास सामना) टेक हाफटाइमला जॉर्जियापुढे २१-३ होता आणि ३१-२४ हरला. दुसऱ्या हाफात टेकच्या ऑफेन्सने चेंडू वारंवार समोरच्याच्या हातात दिला. तक्त्यात ते ३१ गुण डिफेन्सच्या नावावर. उलट उदाहरण २०१४ चं: वेक फॉरेस्टला ६० मिनिटांत शून्यावर रोखलं, स्वतःचा ऑफेन्सही शून्यावर, आणि दोन ओव्हरटाइमनंतर ६-३ हार. त्या दिवशी डिफेन्सने आणखी करायचं तरी काय बाकी होतं?

---

मधली_फळी

कोण कुठे उभा, ते मी सांगतो.

पाया म्हणजे ४-४. पुढे चार लाइनमन, मागे माइक आणि बॅकर हे दोन आतले लाइनबॅकर, बाजूंना व्हिप आणि रोव्हर. व्हिप हा अर्धा लाइनबॅकर, अर्धा सेफ्टी (म्हणजे मागच्या फळीतला राखणदार). रोव्हर हा सेफ्टीच, पण रेषेजवळ आणलेला. म्हणजे धाव अडवायला आठ जण पुढेच. खरी मेख नववा माणूस, फ्री सेफ्टी.

बहुतेक टीमांत फ्री सेफ्टी सगळ्यात मागचा राखणदार. फॉस्टरच्या ‘रॉबर’ कव्हरेजमध्ये उलटं. दोन्ही कॉर्नर (कडेच्या रिसीव्हरांसमोरचे राखणदार) मागे सरकून अर्धं अर्धं खोल मैदान घेतात आणि फ्री सेफ्टी ८-१० यार्डांवर थांबून वाचतो. समोर ब्लॉकिंग धावेचं दिसलं की तो थेट फटीत घुसतो. पासचं दिसलं की १०-१२ यार्डांवरून आत वळणाऱ्या डिग आणि कर्ल रूटच्या (रिसीव्हर पळतो त्या ठरलेल्या वाटा) आड उभा राहतो. नावच रॉबर. क्वार्टरबॅकला वाटतं मधे जागा आहे, आणि चेंडू सुटल्यावर तिथे माणूस उगवतो. इंटरसेप्शनचा मोठा हिस्सा या एका वाचनातून यायचा.

बिघडतं कुठे? फ्री सेफ्टीच्या पहिल्या पावलावर. प्ले-ॲक्शनला (धावेचा बहाणा करून केलेला पास) फसून तो दोन पावलं पुढे आला की त्याच्या मागे मधोमध कोणीच नसतं. कॉर्नर बाहेरच्या बाजूने मागे सरकलेला, रिसीव्हर पोस्ट कापून (खोलवर मधल्या बाजूला तिरका) आत गेला की पळापळ. म्हणून ही पद्धत चालवायला दोन गोष्टी लागतात: चूक झाल्यावर मागून गाठणारे कॉर्नर आणि डोळे शाबूत ठेवणारा फ्री सेफ्टी. टेककडे वर्षानुवर्षं असे कॉर्नर होते. डिअँजेलो हॉल २००४ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएलची खेळाडू निवड) आठवा गेला, काइल फुलर २०१४ ला चौदावा.

४ जानेवारी २००० चा शुगर बोल, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना, याच फटीचा नमुना. फ्लोरिडा स्टेटला पळून फारसं काही साधलं नाही, पण त्यांचा क्वार्टरबॅक वाइन्कीने चार टचडाऊन फेकले आणि रिसीव्हर पीटर वॉरिकने डिफेन्स खोलवर फोडला. तिसऱ्या क्वार्टरअखेर टेक २९-२८ पुढे होता. शेवटचा स्कोअर ४६-२९.

आता तुमचा मूळ प्रश्न. स्प्रेड ऑफेन्सने चार रिसीव्हर पसरवले की व्हिप आणि रोव्हरला त्यांच्यामागे बाहेर जावं लागतं. आठचा डबा (रेषेजवळ धाव अडवायला उभी माणसं) सहावर येतो. व्हिपला काढून निकेल बॅक (पाचवा पास-राखणदार) आणला तर पास सांभाळतो, पण धावेला वजन कमी पडतं. त्यात क्वार्टरबॅक स्वतः पळणारा असला तर गणितच बदलतं. एरवी चेंडू दिल्यावर क्वार्टरबॅक नुसता बघत राहतो, ११ विरुद्ध १० चा खेळ होतो. तो पळाला की ११ विरुद्ध ११. डिफेन्सचा फुकटचा माणूस गेला, आणि फॉस्टरची सगळी इमारत त्या फुकटच्या माणसावर उभी.

फॉस्टर हटून बसला होता असं मात्र नाही. नंतरच्या वर्षांत निकेल जवळजवळ कायम मैदानावर असायचा आणि क्वार्टर्स (खोल मैदान चौघांत वाटून), मॅन (माणसाला माणूस) असे कव्हरेजचे प्रकार भरपूर वापरले गेले.

---

तिसरा_डाऊन

मधली_फळी, आत्ता कुठे डोक्यात प्रकाश पडला. मग ओहायो स्टेटविरुद्ध तर समोर स्प्रेडच होता, पळणारा क्वार्टरबॅकही होता. तिथे हे गणित का नाही उलटलं?

---

गनिमी_कावा

कारण त्या दिवशी (६ सप्टेंबर २०१४) मूळ पद्धत गुंडाळून ठेवली होती. बेअर फ्रंट आणि मागे कव्हर झिरो.

बेअर म्हणजे समोरच्या लाइनमधले मधले तिघे, सेंटर आणि दोन्ही गार्ड, यांच्या डोक्यावर एकेक जाडजूड लाइनमन. ओहायो स्टेटची आतली धाव चालते ती कशी? दोन लाइनमन मिळून आधी एकाला ढकलतात, मग त्यातला एक सुटून लाइनबॅकरवर जातो. तिघांवर तीन माणसं बसली की जोडीने ढकलायला कोणी मोकळंच राहत नाही. गार्डला पुल करून (जागा सोडून) बाजूला पळायचं असेल तर त्याच्या समोरचा थेट त्याच फटीतून आत येतो. लाइनबॅकरला कुणी हातच लावत नाही. मधला रस्ता बंद म्हटल्यावर ऑफेन्सला पास करणं भाग.

आणि तिथे कव्हर झिरो: खोलवर एकही सेफ्टी नाही, प्रत्येक रिसीव्हरवर एकटा माणूस, बाकी सगळे अंगावर. क्वार्टरबॅकला वेळ अडीच-तीन सेकंद. त्यांचा क्वार्टरबॅक जे. टी. बॅरेट नवखा होता (नेहमीचा ब्रॅक्स्टन मिलर ऑगस्टमध्येच जायबंदी झालेला), समोरच्या लाइनमध्येही बहुतेक नवे चेहरे. निकाल: २९ पैकी ९ पास पूर्ण, ३ इंटरसेप्शन, ७ सॅक. शेवटचं इंटरसेप्शन डोनोव्हन रायलीने ६३ यार्ड पळवून टचडाऊन केलं.

किंमतही दिसली. त्यांचा रिसीव्हर मायकल थॉमस एकदा सुटला आणि मागे कोणी नसल्यामुळे थेट टचडाऊन. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला २१-२१ होतं, हे लोक विसरतात. झिरोमध्ये एक टॅकल हुकला की सहा गुण. फॉस्टरने तो जुगार हिशेब करून घेतला: दहा वेळा तू फेक, आठ वेळा चुकशील.

ईस्ट कॅरोलिनाविरुद्ध तोच हिशेब लागू नव्हता. शेन कार्डन जाणता क्वार्टरबॅक, चेंडू पटकन सोडणारा, पळण्यावर अवलंबून नसलेला. अशा माणसावर ब्लिट्झ (जादा माणसं अंगावर सोडणं) म्हणजे आमंत्रण. जिथून धावून आलास ती जागा तो वाचतो आणि तिथेच टाकतो. पहिल्या क्वार्टरलाच २१-० झालं. टेकने नंतर बरोबरी साधली, पण शेवटचा घाव कार्डनचाच.

ओहायो स्टेट त्यानंतर एकही सामना हरला नाही आणि राष्ट्रीय विजेता झाला. त्या वर्षी त्यांना हरवणारी एकमेव टीम शेवटी ७-६. फुटबॉल हे असं आहे.

---

कोपऱ्यातला

वरच्या विवेचनाशी सहमत, पण २०१८ चं खापर फक्त स्प्रेडवर फोडू नका. स्प्रेड २०१६ आणि २०१७ लाही होता, तेव्हा डिफेन्स चांगला चालला. २०१८ ला माणसंच नव्हती. ट्रेमेन एडमंड्स (१६ वा) आणि टेरेल एडमंड्स (२८ वा) हे सख्खे भाऊ एकाच ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले, म्हणजे एकदम एक लाइनबॅकर आणि एक सेफ्टी. वर स्ट्रोमन आणि फेसिसन हे कॉर्नरही संपले. रॉबर असो की क्वार्टर्स, मागची फळी एका उन्हाळ्यात नवी झाली की वाचन चुकणारच. ओल्ड डोमिनियनच्या लारुसाने ४९५ यार्ड फेकले ते पद्धत जुनी म्हणून नाही. कॉर्नर एकटा पडल्यावर चेंडूकडे मान कधी वळवायची, हेच नव्या पोरांना जमत नव्हतं. रिसीव्हरची नजर आणि हात वर जातात तेव्हा वळायचं. आधी वळलास तर वेग जातो, उशिरा वळलास तर कॅच नाहीतर फाउल. हंगाम ६-७ वर संपला, १९९२ नंतर पहिल्यांदा हरण्याची बाजू जड.

तीच पोरं वर्षभराने २०१९ ला जॉर्जिया टेकला ४५-० आणि लगेच पिटला २८-० करून आली. पिटचा सामना हा फॉस्टरचा घरच्या मैदानावरचा शेवटचा. नंतर व्हर्जिनियाने (ही टेकहून वेगळी शाळा) ३९-३० हरवून टेकची त्यांच्याविरुद्धची १५ वर्षांची विजयमालिका मोडली, तिथे ब्राइस पर्किन्स पळणारा क्वार्टरबॅक होता, आणि शेवटच्या बेल्क बोलमध्ये केंटकीच्या लिन बोडनने पळून पळून दमवलं (३७-३०). मधली_फळी म्हणतात तो ‘फुकटचा माणूस’ या दोन सामन्यांत मात्र नक्कीच गेला.

फॉस्टरच्या जेवणाच्या डब्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून: १९९५ ला पहिले दोन सामने हरल्यावर सलग दहा जिंकले, त्यातला शेवटचा शुगर बोलमध्ये टेक्ससला २८-१० करून, तेव्हापासून तो जुना पत्र्याचा जेवणाचा डबा टीमची खूण झाला. नुसता दिखावा नव्हता. हंगामाची उद्दिष्टं लिहून खेळाडूंच्या सह्यांसह त्यात ठेवलेली असायची आणि चांगलं खेळणाऱ्याकडे डबा सांभाळायला द्यायचे. २००७ च्या हंगामात, त्या एप्रिलला व्हर्जिनिया टेकच्या आवारात झालेल्या गोळीबारात गेलेल्या ३२ जणांची नावं त्यात होती.

---

आकडेबहाद्दर

कोपऱ्यातला, माणसांचा मुद्दा मान्य. पण मग २००६ लाही तोच लावा: त्या यशातलं किती पद्धतीचं आणि किती हॉल-फुलर छापाच्या कॉर्नरांचं?

हॉल ऑफ फेमचं उत्तर राहिलं होतं. कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये कोच म्हणून जायला मुख्य कोच असावं लागतं: किमान १० वर्षं, १०० सामने आणि .६०० विजय (२०२७ पासून .५९५). सहायक कोचला दारच नाही. फॉस्टर एकाही हंगामात मुख्य कोच नव्हता, त्यामुळे त्याच्या नावावर मतदान होण्याचा प्रश्नच येत नाही.

---

तिसरा_डाऊन

म्हणजे १९९५, १९९६, १९९९ चे बिग ईस्ट आणि २००४, २००७, २००८, २०१० चे एसीसी किताब, सगळे हॉल ऑफ फेमच्या हिशेबात बीमरच्या खात्यावर. बरं. आता पिटवाला सामना काढतो आणि फक्त फ्री सेफ्टी बघतो.

---

मधली_फळी

स्नॅपच्या (चेंडू खेळात येण्याच्या) आधीपासून बघा, आणि चेंडूकडे बिलकुल पाहू नका. कॅमेरा आखूड असेल तर तो चौकटीबाहेर राहतो. मागून घेतलेलं चित्रण मिळालं तरच कळेल.